शेवटच्या खुर्चीची वीण

आमच्या यांनी विणायला घेतलेली शेवटची खुर्ची संग्रहालयात मांडलीय असं कळलं, म्हणून एका दुपारी मी ती बघायला गेले. एकटीच. हल्ली कुठेही जायचं तर एकटीच. हसू नका हं, पण निघताना सवयीनं घरात डोकावून "येते हो" म्हटलं.

संग्रहालय म्हणजे जुनी लष्करी बराक. लांबच लांब दालन, भिंतीवर शिपायांच्या खाटांचे आकडे अजून तसेच. त्यांच्याखाली आता फुलदाण्या, आरसे, नक्षीच्या पेट्या. एवढ्या जागेत माणूस एकच, तो म्हातारा रखवालदार. मी आत शिरले तसा तो मागोमाग आला.

खुर्ची पार टोकाला होती. तुम्हाला म्हणून सांगते, हे गेले तेव्हा वेताची बैठक अर्धीच विणून झाली होती. उरलेली मी विणली आणि तसं कुणाला न सांगता खुर्ची गिऱ्हाइकाला देऊन टाकली. हे डावरे, त्यांची वीण उलटी पडायची. माझी सुलटी. त्यामुळे मधोमध जोड दिसायचा. म्हटलं, तो जोड एकदा डोळे भरून बघावा. दोघांचं मिळून शेवटचं काम ते.

वाकून बघते तर जोड नव्हताच! माझी वीण उसवून कुणीतरी पुन्हा विणत आणली होती. सगळी डावरी. "गेल्यावरसुद्धा माझं काम पसंत नाही ना!" मला रागच आला. मग ओल्या वेताचा वास आला. वेत भिजवूनच विणतात; म्हणजे हे काम अगदी ताजं.

"ही खुर्ची दुरुस्त करायला कोण येतं हो?"

"कुणी नाही, बाई." रखवालदाराचा आवाज खाली गेला. "सकाळी खाली पाणी सांडलेलं असतं... मी पुसून टाकतो. विचारत नाही कुणाला." एवढं बोलून तो खिडक्या लावायला निघून गेला.

शेवटचं एक भोक रिकामं होतं. वेताच्या पट्टीचं टोक वर सुटंच होतं. हात स्वस्थ बसेनात. मी ते भोकातून खाली सोडलं.

खालून ते कुणीतरी धरलं.

मी खाली वाकले. नुसती फरशी. पट्टी मात्र ताठ.

"अहो...?"

दोन हिसके बसले. घरी मी वरून पट्टी घालायची, हे खालून घ्यायचे. दोनदा ओढलं की मी सोडायचं, एवढीच आमची खूण. वर्षभर सगळेच सांगतायत मला, सोडा आता, सावरा. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"नाही सोडणार," मी म्हटलं. "हे झालं की तुम्ही जाल... मग मी काय करू?"

किती तरी वेळ काहीच हललं नाही. मला वाटलं, ऐकलं यांनी.

मग खालून तिसऱ्यांदा ओढलं. सावकाश, माझी बोटं भोकाला टेकेपर्यंत.

तिसऱ्याचा अर्थ आमच्यात कधी ठरलाच नव्हता.