अजून न चाललेला दगड

जेवणं उरकली. वॉटफर्डच्या त्या घरात नंदूकाकांनी मोठा दिवा बंद केला, तशी पोरं भुताची गोष्ट ऐकायला सरकून बसली.

"काका, इकडच्या भुतांना व्हिसा लागतो का?" जयने विचारलं.

"ही घरातलीच होती रे," काका म्हणाले. "माझा मित्र पुरुषोत्तम, नॉटिंगहॅमचा. जन्मात एकदाच खोटं बोलला. तेच सांगतो."

मागच्या डिसेंबरात पुरुषोत्तम कार्डिफला गेला, लेकीचं सामान आणायला. एकुलती एक चैत्राली तिथे भूगर्भशास्त्र शिकत होती. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. कॉलेजातल्या बाईंनी एक खोका हाती दिला. आत एक वही आणि मुठीएवढा काळा दगड.

वही त्याने गाडीतच उघडली. वसंतात ती एका वाळवंटी दरीत अभ्यासाला गेली होती. तिथून तिने फोन केला होता. "बाबा, इथे काय आहे माहितीये?"

"मीटिंगमध्ये आहे गं. नंतर बोलू."

ते नंतर राहूनच गेलं.

वहीत लिहिलं होतं : 'डोंगरातून वाहून आलेला गाळ दरीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलाय. खाली मिठाचं पांढरं मैदान. पलीकडे आटलेल्या तळ्याचा तळ, सारवल्यासारखा सपाट. त्यावर दगड चालतात! थंडीत बोटभर पाणी साठतं, रात्री गोठतं. उन्हाने बर्फाचा पापुद्रा फुटला की वारा तो ढकलतो आणि दगडही सरकतात. चालताना सहसा कुणी बघत नाही. मागे चिखलात चरा तेवढा राहतो. ते दगड उचलायचे नसतात. हा डोंगराच्या पायथ्याचा, परवानगीने आणलेला. अजून चाललेला नाही. बाबांना द्यायचाय.'

अंत्यसंस्काराच्या वेळी जीवखडा म्हणून त्याने तोच दगड पुढे केला. दहा दिवस जीव त्या खड्यात असतो, दहाव्याला नदीत सोडायचा, ही आपली रीत. त्याच्या बायकोने, श्यामलावहिनींनी, चैत्रालीच्या खोलीत दिवा लावला, खडा ठेवला. पावलं उमटली तर दिसावीत म्हणून दारापर्यंत पीठ पसरलं. एकही उमटलं नाही.

दहाव्याला ट्रेंट नदीच्या काठावर वहिनींनी विचारलं, "सोडलात ना हो?"

"सोडला."

सोडला होता तो बागेतला खडा. चैत्रालीचा दगड त्याच्या कोटाच्या खिशात होता.

घरी येऊन त्याने तो पुन्हा दिव्याशी ठेवला. "पीठ राहू दे, नंतर झाडू," म्हणाला. खोलीला कुलूप लावलं.

सकाळी दगडामागे पिठात वीतभर चरा होता.

खिडकी बंद. किल्ली त्याच्याच खिशात.

पुढची रात्र सोळा डिसेंबरची, सोमवार. बाहेर कडाक्याचं दंव. भिंतीच्या कडेकडेने जाऊन तो तिच्या खुर्चीत बसला.

"चैतू… बोल. आज मीटिंग नाही."

तो दगडाकडे झुकला.

"सांग ना गं… दरीतलं…"

दगड हलला नाही. एक वाजला. दोन वाजले. पावणेतीनला त्याचा डोळा लागला. क्षणभरच.

खर्र…

दचकून उठला. दिवा तसाच. दिव्यापासून चरा निघाला होता. वळून… त्याच्याकडे. दगड त्याच्या पावलाला टेकलेला. बर्फासारखा गार.

चरा तिथेच संपत होता.

काका थांबले. मायराने जयचा हात धरला.

"मग?" ती हळूच म्हणाली.

मग तो खूप रडला. उजाडताच वहिनींना उठवून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, तुम्हाला भेटायचं राहिलं होतं तिचं. आता जाऊ द्या."

खोलीला कुलूप घालून दोघं ट्रेंटवर गेले. दोघांनी मिळून दगड हातात धरला. "जा, बाळा." पाण्यात डुबुक झालं. वर्तुळं विरेपर्यंत उभे राहिले.

घरी आले. कुलूप तसंच. पुरुषोत्तमने दार उघडलं.

खुर्चीशी संपलेला चरा आता संपला नव्हता. खुर्चीपासून पुढे निघाला होता. पिठातून. सरळ. दारापर्यंत… आणि उंबऱ्याबाहेर.