तळघरातले दोन ठोके

ही गोष्ट खरी आहे. खोटी निघाली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे भाऊजी, ताईचे यजमान. भुताखेतांचा विषय निघाला की हसून उठून जाणारा माणूस. त्यांनी हे मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यात कानामात्रेचा फरक नव्हता.

मागच्या वर्षी, मंगळवारी, दुपारी दीड वाजता घडलं. रात्र नाही, वादळ नाही, सामसूम रस्ता नाही. वर भर बाजार चालू होता.

खाली एका बेकरीचं तळघर होतं.

भाऊजी अकरा वर्षं पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत आहेत. लोकांना वाटतं, पाठीवर पंप अडकवला, फुस्स केलं, झालं काम. त्या लोकांनी एकदा ताईला विचारावं. ती त्यांना दारातच थांबवते. कपडे बाहेरच्या बादलीत पडतात, घरच्या कपड्यांत कधीच नाही. आंघोळ होईपर्यंत लेक जवळ येत नाही. एकदा डब्याच्या झाकणाच्या खाचेतून झुरळाचं पिल्लू निघालं, ते भाऊजींना अर्धा घास चावून झाल्यावर कळलं. तेव्हापासून डबा दोन पिशव्यांत गाठ मारून नेतात, तरी उघडताना आधी हुंगतात.

आणि कंपनी? हातमोजे फाटले की चिकटपट्टी लावा. मास्कचा फिल्टर दर महिन्याला बदलायचा असतो, यांची कंपनी त्यावरची तारीख बदलते. दोन माणसांत एक धड मास्क आणि एक नावापुरता. तक्रार केली की सुपरवायझर म्हणतो, "अरे, झुरळं मारायची आहेत, चंद्रावर जायचं नाहीये."

त्याला सगळे साहेब म्हणतात. मी नाही म्हणत.

भाऊजींच्या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. पंप पाठीला लावला की पंपच चालत येतोय असं वाटतं. नऊ वर्षं दोघं एकत्र. धड मास्क एक दिवस याला, एक दिवस त्याला, अशी त्यांची वाटणी.

त्या मंगळवारी पाळी पैलवानाची होती.

पण सकाळी एका खानावळीच्या गटारावर काम करून भाऊजींना दोनदा उलटी झाली होती. पैलवानाने आपला मास्क काढून त्यांच्या हातात दिला.

"तू घाल. तू आज पुन्हा ओकलास तर पुसायचं मलाच."

एवढं बोलून तो जिना उतरायला लागला.

बेकरी आठवड्याच्या सुटीमुळे बंद होती. मालक वरच थांबला. खाली एका ओळीत तीन खोल्या. पहिलीत पिठाची पोती. शेवटचीत खोकी, डबे, जुने ट्रे. मधली एकेकाळी थंड ठेवायची खोली, आता बंद पडलेली. तिला दोन जाड दारं, एक या खोलीत उघडणारं, एक त्या खोलीत. बाजूने एक अरुंद बोळ, मधल्या खोलीला वळसा घालून पहिली आणि शेवटची खोली जिन्याशी जोडणारा.

भाऊजींनी पहिल्या खोलीत बॅटरी मारली आणि भिंत हलली.

भिंत कसली... झुरळंच होती. एकावर एक, पंखांवर पंख. तेलकट, तपकिरी. बॅटरीच्या उजेडाने सगळी एकदम सरकली आणि ओल्या कागदासारखी सळसळ झाली. पोत्यांच्या शिवणीत अंड्यांच्या कुप्या, डाळीसारख्या ओतलेल्या. पिठात विष्ठेचे काळे कण. याच पिठाचा केक कालपर्यंत वर काचेत होता, आणि लोक तो पोरांना भरवत होते.

"ह्या मालकालाच आधी फवारला पाहिजे," पैलवान म्हणाला.

मग त्यांनी मधली खोली उघडली.

आणि दोघंही उंबऱ्यावर थांबले.

तिथे एकही झुरळ नव्हतं...

एकसुद्धा नाही. कुपी नाही, पंख नाही, काळा कण नाही. अकरा वर्षांत भाऊजींनी असं पाहिलं नव्हतं. दोन्हीकडे भिंती भरून वाहताहेत आणि मधल्या ओल्या, उबदार, अंधाऱ्या खोलीत कुणी पाय ठेवायला तयार नाही? झुरळ प्रेतावर चढतं, साबण खातं, दुसऱ्या झुरळाला खातं. त्याला किळस येईल अशी जागा जगात नाही.

वास मात्र होता. दिवसभर कुणीतरी तोंडावर बांधलेलं फडकं काढून नाकाशी धरावं, तसा. दुसऱ्याच्या श्वासाचा, कोमट.

भाऊजींनी मास्क नाकावर ओढला.

"इथे काहीच नाही. औषध वाया कशाला घालवायचं?" पैलवान म्हणाला.

पेस्ट कंट्रोलवाले असाच हिशोब करतात. किडा नाही, तर काम नाही. त्यांनी मधल्या खोलीची दोन्ही दारं बाहेरून लावून घेतली. पहिली खोली भाऊजींची, शेवटची पैलवानाची. आता दोघांच्या मध्ये ती रिकामी खोली होती आणि एकमेकांना ते दिसत नव्हते.

फवारणी सुरू झाली की धुकं होतं, मास्कमधून बोलता येत नाही. म्हणून त्या दोघांची एक खूण ठरलेली होती. छताजवळून पाण्याचा लोखंडी पाइप तिन्ही खोल्यांतून गेला होता. दर पाच मिनिटांनी पंपाच्या नळीने त्यावर दोन ठोके द्यायचे. ठीक आहेस ना? उत्तर दोन ठोके. ठीक आहे. चार ठोके दिले, तर सगळं टाकून धावायचं.

नऊ वर्षांत चार ठोक्यांची वेळ एकदाही आली नव्हती.

भाऊजींनी फवारा सुरू केला. झुरळं भिंतीवरून सुटली, अंगावर पडायला लागली. मानेवर, कॉलरच्या आत. चिकटपट्टी सुटलेल्या हातमोज्यात एक शिरलं आणि बोटांच्या बेचक्यात तडफडत राहिलं. बुटाखाली कचकच, मग पचपच. चष्म्यावर पांढरट चिकट काहीतरी उडालं, ते पुसावं तसं पसरत गेलं.

पाच मिनिटांनी त्यांनी पाइपवर ठोकलं.

टण्. टण्.

पलीकडून उत्तर. टण्. टण्.

ठीक.

आणखी पाच मिनिटं. पुन्हा दोन ठोके, पुन्हा उत्तर. या वेळी जरा लवकर आलं. पैलवान आज तडफेने काम करतोय, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी पहिला ठोका दिला, दुसऱ्यासाठी नळी उचलली...

आणि उत्तर आलं.

टण्. टण्.

लांबून नाही. भिंतीच्या अगदी पलीकडून.

भाऊजी म्हणतात, तेव्हाच थांबायला हवं होतं. पण खिशात फोन थरथरत होता. सुपरवायझरचे मेसेज. मेलेल्या झुरळांचा ढीग करून फोटो पाठवल्याशिवाय काम पूर्ण धरत नाहीत, आणि पुढच्या ठिकाणी चार वाजता पोचायचं होतं. त्यांनी फवारा चालू ठेवला.

मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

औषध लागलं की झुरळ सैरावैरा पळतं, दिसेल त्या फटीत घुसतं. मधल्या खोलीच्या दाराखाली चांगली बोटभर फट होती. शेकडो झुरळं तिकडे धावत होती.

फटीपाशी पोचत होती...

आणि मागे फिरत होती. परत औषधात यायची, तिथेच उलटी होऊन मरायची.

चौथ्यांदा ठोके. उत्तर दोन. पाचव्यांदा ठोके. उत्तर दोन. शांत, एकसारखे, घाई नसलेले.

अर्ध्या तासाने भाऊजींचा पंप संपला. बोळातून ते जिन्यावर आले, मास्क काढला, पायरीवर बसून हातमोज्यातलं लगद्यासारखं झुरळ चिमटीने काढलं. पैलवानाची वाट पाहत राहिले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"ए पैलवाना! झोपलास का?"

काही नाही.

त्यांनी जिन्याजवळच्या पाइपवर ठोकलं.

टण्. टण्. खालून उत्तर आलं. ठीक.

"मग ये ना वर!"

टण्. टण्.

ठोका न देताच आलेलं हे उत्तर ऐकून त्यांच्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं. या वेळी ते झुरळ नव्हतं. मास्क तोंडावर दाबून ते बोळातून शेवटच्या खोलीकडे धावले.

धुक्यात आधी बूट दिसले.

पैलवान मधल्या खोलीच्या दाराशी पालथा पडला होता. त्याचा तो नावापुरता मास्क गळ्यात लोंबत होता. भाऊजींनी त्याला उलटं केलं. चेहऱ्याच्या जागी हलणारं काहीतरी होतं. मरत आलेली झुरळं, ओठांवर, पापण्यांवर, नाकपुडीत अर्धी आत. भाऊजींनी दोन्ही हातांनी ती खरवडून काढली. मग तोंड उघडलं, आणि आत बोट घालून जे निघालं ते काढत राहिले. हे सांगताना ते अजूनही हात पँटला पुसतात.

नाडी चालत होती, पण जेमतेम.

त्यांनी पैलवानाला दोन्ही काखांत धरून बोळात ओढलं. त्याचे हात जमिनीवर घासत होते. नळी मागे दाराशीच पडली होती. तळघरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं...

टण्.

टण्.

आवाज मधल्या खोलीतून आला.

ठीक.

भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. जिना कसा चढले ते त्यांना आठवत नाही. मालक सांगतो, वर आल्यावर ते एकच वाक्य बोलत होते, "त्याने ठीक म्हणून सांगितलं होतं."

पैलवान वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. अर्धा तास तरी तो औषधात पडून असावा.

अर्धा तास. म्हणजे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळचं उत्तर कुणाचं?

भाऊजींनी हा प्रश्न बाजूला सारला. त्यांना एकच लागलं होतं, पैलवान बोलायला लागला की कंपनीला धरायचं. रोज दवाखान्यात जायचे, त्याचे पाय दाबायचे, त्याच्या कानाशी बसून सांगायचे, "फिल्टरचं बोल. तारखा खोडल्या ते बोल. घाबरू नकोस, मी साक्षीला आहे."

पैलवान छताकडे बघत पडून राहायचा. ताई म्हणायची, "अशक्तपणा आहे, बोलेल." मीही तेच म्हणत होतो.

तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझर चौकशीला आला. हातात छापील कागद, तोंडावर काळजी. आम्हीही तिथेच होतो, ताई, मी आणि भाऊजी.

"बोल बाबा. तुझी तक्रार काय आहे? कुणाविरुद्ध आहे?"

भाऊजी पुढे सरकले. इतक्या वर्षांचं सगळं आता बाहेर पडणार होतं.

पैलवानाने हात उचलला. त्याचं बोट सुपरवायझरवरून सरकलं आणि भाऊजींवर येऊन थांबलं.

"ह्याच्याविरुद्ध."

त्याचा आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"मला श्वास लागेना. मी चार ठोके दिले. सहा वेळा दिले. हा दर वेळी दोन देत होता."

"मी नाही रे!" भाऊजी ओरडलेच. "मला दोनच ऐकू येत होते. तुझेच दोन!"

"बोळाचा फेरा झेपेना, म्हणून मी मधल्या दाराशी गेलो," पैलवान त्यांच्याकडे बघत म्हणाला. "ते उघडून तुझ्याकडे यायला. कडी माझ्या बाजूला होती, मी ती काढली. दार उघडलं नाही. तू पलीकडून धरून ठेवलं होतंस."

"मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही."

"फटीतून तुझा श्वास येत होता. मास्कमधला. माझ्याच मास्कमधला."

सुपरवायझर भराभर लिहीत होता. इतक्या आनंदाने लिहिताना मी कुणाला कधी पाहिलं नाही. कंपनी सुटली, फिल्टर सुटला, तारखा सुटल्या. कागदावर एकच ओळ राहिली, जोडीदाराचा निष्काळजीपणा. खाली पैलवानाने सही केली. भाऊजींनी त्याचा हात धरायला हात पुढे केला, तर त्याने आपला हात चादरीखाली ओढून घेतला. एखाद्या घाणेरड्या वस्तूपासून ओढावा, तसा.

भाऊजी त्या दिवसापासून कमी बोलतात. कामावर जातात. दुसरा कुणी त्यांच्याबरोबर जोडीला जायला तयार नाही. ते हात फार धुतात, कातडी सोलेपर्यंत, आणि मध्येच थांबून हुंगतात.

तळघराचं मी शोधून पाहिलं. तिथे कधी कुणी मेलं का, कुणी कोंडलं गेलं का, मालकाला विचारलं. काही नाही. बेकरी चालू आहे. मधली खोली अजून स्वच्छ आहे म्हणे.

परवा ताई माझ्याकडे आली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग आवाज खाली करून म्हणाली, "एक विचारू? तू यांना इतकी वर्षं ओळखतोस. हे असं दार धरून ठेवतील का रे?"

मी म्हणालो, "नाही गं. काहीतरीच काय?"

पण लगेच नाही म्हणालो. मध्ये थोडा वेळ गेला होता. तिच्या ते लक्षात आलं.