दोनदा वाचलेला नंबर

मूलहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या तरुणानं लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर माझाच कोड होता.

माझाच... फक्त त्यातली एक ओळ गायब होती, आणि बदल करणाऱ्याचं नाव वर दिसत होतं.

बाहेर डिसेंबरचा अवकाळी पाऊस भुरभुरत होता. शेतांत कापून रचलेल्या धानाचे पुंजणे ताडपत्रीखाली दबून बसले होते. माझी कानशिलं मात्र तापली.

"के. रामटेके म्हणजे तुमीच का?"

तो दचकला. "हो... कुलदीप. तुमी?"

"रिना. ती ओळ काऊन काढली?"

सहा महिने आम्ही एकाच कामावर होतो, मी घुग्घुसहून, तो पोंभुर्ण्याहून. भेट कधी नाही. भांडण फक्त ईमेलवर. काम असं, की एकाच संगणकात दोन आभासी संगणक चालतात. पहिला कोळसा खाणीतला वायू मोजतो आणि धोका दिसला की भोंगा वाजवतो. दुसरा इंटरनेटला जोडलेला. धोक्याची मर्यादा किती, हे ऑफिसातून त्याच्यामार्फत येतं. दोघांच्या मध्ये, कर्नलमध्ये म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात, मेमरीचं एक सामायिक पान. त्याचा आराखडा माझा. पानावरचा आकडा पहिल्या संगणकानं आधी स्वतःकडे उतरवून घ्यायचा, मगच तपासायचा आणि वापरायचा. उतरवून घेण्याचीच ती ओळ होती.

"काढली त तीन मायक्रोसेकंद वाचतात," कुलदीप म्हणाला. "तपासणी हाय ना खाली."

"तपासल्यावर तोच आकडा पानावरून पुन्हा वाचता. मधात कोणी बदलला त?"

"तेवढ्यात कोन बदलते?" तो हसला. त्याच्या डाव्या गालावर खळी पडली आणि मला तिचाही राग आला. "मेलवर वाटता तश्याच हा तुमी. फोन नंबर देता का? पुढचं भांडण त्याच्यावर करू."

मी खिडकीच्या धुरकटलेल्या काचेवर बोटानं नंबर लिहिला. त्यानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

"बरोबर?"

"बरोबर."

तो खिशातून फोन काढायला वळला. मी शेवटच्या शून्याला शेपूट काढून त्याचा नऊ केला. त्यानं काचेकडे बघत नंबर दाबला... आणि फोनमधून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"कोन रे?"

"रिना हायेत का?"

"गोकुळाबाई हावो मी. काम सांग, नाई त ठेव. इथी माहं धान भिजून राह्यलं."

त्यानं फोन ठेवला. काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाचला तवा बरोबर होता."

"हो. वाचला तवा."

त्यानं फोन खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? तुमाले काही विचारलं की तुमी दोन शब्दांत उत्तर देता. काही काढलं की दोन पानं लिहिता. मले ती पानं..."

"म्हणजे मी चिडावं म्हणून ओळ काढली?"

"थोडं... तसंच."

हे ऐकून कदाचित गोड वाटायला हवं होतं.

"त्या खाणीत माझे बाबा उतरतात, कुलदीप."

माझा आवाज चढला नाही. राग फार आला की तो खाली जातो. "हरिदास मेश्राम. चोवीस वर्षं झाली. सोमवारी तुझा कोड तिथी बसणार हाय. भोंगा नाई वाजला, त दोन पानं मी कोणाले लिहू?"

खळी गेली. चेहऱ्यावरचं सगळंच गेलं. तो लॅपटॉपवर वाकला. चिचपल्ली मागं पडलं तरी त्यानं मान वर केली नाही. मग पडदा माझ्याकडे वळवला. ओळ परत आली होती. खाली सगळ्या टीमला जाणारं पत्र होतं: 'ही ओळ मी न विचारता काढली. कारण तांत्रिक नव्हतं. रिना मेश्राम यांचा आराखडा होता तसाच लावावा. सगळ्या चाचण्या मी पुन्हा करतो.'

"पाठवू?"

"पाठव."

त्यानं पाठवलं. "राग गेला का?"

"नाई. अन् पुढं काही सांगायचं असलं त सरळ सांग. माझ्या ओळी काढू नको."

"सरळ..." तो अडखळला. कान लाल झाले होते. "मले तुमी आवडता. सहा महिन्यांपासून."

मी चंद्रपूरला उतरले, घुग्घुसच्या बसमध्ये जाऊन बसले आणि शेजारच्या सीटवर बॅग ठेवली. तो मागोमाग चढला.

"तुझं काम त चंद्रपुरात होतं."

"होतं. तुमचे बाबा किती वाजता वर येतात?"

"चारला. काऊन?"

"ओळ मी काढली होती, हे त्याईले मीच सांगतो."

"शिव्या देतील."

"देऊ द्या."

तो दांड्याला धरून उभाच राहिला. बस सुटली, पुढं कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. मी अजून रागातच होते... पण बॅग उचलून मांडीवर घेतली.