शिखरावरची केरसुणी

रॉटरडॅमच्या वाऱ्याला एक वाईट खोड आहे. नवं माणूस त्याला बरोब्बर ओळखू येतं आणि तो त्याचीच सायकल पाडतो. २००६ च्या एप्रिलातल्या त्या मंगळवारी वॉटरबसच्या धक्क्यावर त्याने प्रांजलीला हेरलं. तिने सायकल उभी केली, पाठ वळवली आणि… धाड! तिची सायकल शेजारचीवर, शेजारची पलीकडचीवर. बघता बघता सात सायकली आडव्या!

"अगं आई गं!" प्रांजलीच्या तोंडून निघालं.

"आई पुण्यात असतील," मागून आवाज आला. चक्क मराठीत! "तोवर मी चालेन का?"

तिने वळून पाहिलं. काखेत पिवळं हेल्मेट, बुटांना चिखल, विस्कटलेले केस आणि डोळ्यांत नको तेवढा आनंद.

"चालाल. पण आधी सायकली उचला," ती म्हणाली. "आणि आई पुण्यात कशावरून?"

"तुमच्या पिशवीवर लक्ष्मी रोडचा पत्ता छापलाय."

प्रांजलीने पिशवी पाठीमागे दडवली. उगाच. मग दोघांनी मिळून सात सायकली उभ्या केल्या आणि बोट सुटता सुटता कसेबसे आत शिरले.

त्याचं नाव देवदत्त. नदीच्या वरच्या अंगाला, पाऊण तासावर, 'मासबोख्त' नावाचं मोठं हॉटेल उठत होतं. बोख्त म्हणजे वळण. मास नदीच्या ऐन वळणावर दोनशे खोल्या, खाली जुगाराचा दिवाणखाना, पुढे बोटी लावायला धक्का. तिथे तो साइट इंजिनियर.

"मीही तिथेच निघालेय," प्रांजली म्हणाली. ती रॉटरडॅमच्या एका छोट्या आयटी कंपनीत होती. हॉटेलच्या लॉबीत एक मोठा टचस्क्रीन बसणार होता. बोट लावलं की त्या जागेचा सगळा इतिहास उलगडला पाहिजे, असं मालकांचं म्हणणं. तो इतिहास गोळा करून पडद्यावर आणायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"इतिहास? मग तुम्हाला मीच हवा."

"भलताच आत्मविश्वास आहे!"

"आत्मविश्वास कसला? साइटवर मराठी बोलणारा दुसरा कोणी नाहीच."

ती हसली. खिडकीच्या काचेवर पावसाचे थेंब तिरके पळत होते, आणि तो मात्र बाहेर न बघता त्या हसण्याकडेच बघत होता. हे तिला कळलं. न कळायला काय झालं!

एक गोष्ट तिने त्याला त्या दिवशी सांगितली नाही. तिचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. हे काम मालकांना पसंत पडलं तर कंपनी तो वाढवणार होती, नाहीतर नोकरी नाही; आणि या देशात राहायचा परवाना नोकरीलाच बांधलेला. म्हणजे टचस्क्रीन चालला तर रॉटरडॅम, नाहीतर पुण्याचं तिकीट. तिला तर आत्ता कुठे हे गाव आवडायला लागलं होतं, वाऱ्यासकट!

तर मग दर मंगळवारी प्रांजली साइटवर जाऊ लागली. देवदत्तचं ऑफिस म्हणजे एक पत्र्याचा कंटेनर. ती यायच्या आधी तो तिची खुर्ची पुसून ठेवायचा. सिमेंटची धूळ पुन्हा बसायची, तो पुन्हा पुसायचा. दुपारी बाकीचे लोक गार ब्रेड, चीज आणि ताक घेऊन बसायचे. इथे दुपारचं गरम काही मागितलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. प्रांजली डब्यातून थालीपीठ काढायची, आणि देवदत्त आपला ब्रेड गुपचूप खणात टाकायचा.

"हे दुसरं थालीपीठ कोणासाठी?" तो साळसूदपणे विचारायचा.

"इतिहासासाठी. सांगा आता."

आणि तो सांगायचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं या हॉटेलचं झालं होतं. आधी तिथे विटांची भट्टी होती. मग जहाजं दुरुस्त करायची गोदी आली, तीही बंद पडली. त्र्याण्णव साली आताचे मालक मेनेर, म्हणजे श्रीयुत, हेंद्रिक्स यांनी ती ओसाड जागा घेतली आणि नकाशे केले. पंच्याण्णवला देशातल्या नद्या फुगल्या, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि सरकार म्हणालं, आता नदीला तिची जागा सोडा. नकाशे गेले केरात! नवे केले. सगळी इमारत खांबांवर, पाणी आलंच तर खालून निघून जावं अशी. मग जुगाराचं त्रांगडं. इथे तो धंदा सरकारी संस्थेचा, त्यामुळे तिला भाडेकरू म्हणून आणायला वर्षानुवर्षं बैठका.

"आणि मग एकदाचं काम सुरू झालं?"

"छे! मग पाकोळ्या आल्या."

"कोण आल्या?"

"पाकोळ्या. इवलेसे पक्षी. पायाभरणीसाठी वाळूचा डोंगर आणून टाकला होता. त्यात त्यांनी बिळं केली आणि अंडी घातली. इथे कायदाच आहे, पिल्लं उडेपर्यंत वाळूला हात लावायचा नाही. चाळीस माणसं, दोन क्रेन… सगळे ऑगस्टपर्यंत पिल्लांची वाट बघत बसले."

"मग?"

"मग पुढच्या मंगळवारी," देवदत्त घड्याळ बघत म्हणाला.

हे त्याचं नेहमीचंच. ऐन रंगात यायचं आणि थांबायचं. प्रांजली चिडायची, आणि बोटीत बसली की एकटीच हसायची. मे संपला, जून आला, फुटबॉलसाठी सगळं गाव केशरी झालं, आणि इतिहास आपला वाळूच्या डोंगरापाशीच! तिला घाई होती खरी. पण मंगळवार संपावा असंही वाटत नव्हतं. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

जुलैत त्याने तिला एक फोटो दाखवला. आदल्या नोव्हेंबरातला. इमारतीचा सांगाडा पुरा झाला त्या दिवशीचा. सगळ्यात उंच टोकाला कामगारांनी काहीतरी बांधलं होतं.

"अय्या, ही तर केरसुणी! खालून मला नुसती काठी वाटायची."

"लांब दांड्याची, इथली. मला तरी कुठे माहीत होतं की यांच्याकडेही लक्ष्मी मानतात! आपण नाही का नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगत, तसंच असणार. मी नवा होतो, चार महिनेच झाले होते. मला इतकं भरून आलं ना… वर चढलो, केरसुणीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला."

"आणि लोक?"

"टाळ्या वाजवल्या! फोरमन विमने तर मला मिठीच मारली."

दांड्यावर कुंकवाचं बोट स्पष्ट दिसत होतं. प्रांजलीला ते चित्र इतकं आवडलं की तिने तेच टचस्क्रीनचं शेवटचं, सगळ्यात मोठं पान केलं. खाली ओळ घातली, 'मालकांच्या भरभराटीसाठी कामगारांनी शिखरावर शुभचिन्ह चढवलं.'

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लॉबीत सगळे जमले. मेनेर हेंद्रिक्स, नगरपालिकेच्या दोन बायका, प्रांजलीचे साहेब. कोपऱ्यात फरशी बसवणारी विमची माणसंही कान टवकारून होती. भट्टी झाली, गोदी झाली, पूर झाला. पाकोळ्यांना तर सगळ्यांनी दाद दिली. मग प्रांजलीने शेवटचं बोट लावलं.

केरसुणी आली. भिंतीएवढी!

पालिकेच्या एका बाईंनी तोंडावर हात धरला. आणि कोपऱ्यातून विम जो हसत सुटला, तो गुडघ्यावर हात टेकून खाली वाकला. हेंद्रिक्स यांचे कान लालबुंद झाले.

"हे चित्र जाईल, नाहीतर तुमची कंपनी जाईल," ते साहेबांना म्हणाले आणि निघून गेले.

प्रांजलीच्या तोंडचं पाणी पळालं. विमने डोळे पुसत पुसत तिला समजावलं ते असं. इमारतीचं टोक गाठलं की मालकाने कामगारांना बिअर पाजायची, ही इथली जुनी रीत. मालकाने पाजली तर शिखरावर झेंडा लागतो. आणि नाही पाजली तर… केरसुणी! अख्ख्या गावाने बघावं, मालक चिक्कू आहे म्हणून. हेंद्रिक्स तर चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असे. दहा महिने ती केरसुणी वर उभी होती आणि ते मान वर करत नव्हते.

"आणि तुमच्या देवदत्तने तिला लाल रंग लावला," विम म्हणाला. "आम्हाला वाटलं, हा आमच्याहून जास्त चिडलाय!"

प्रांजली तरातरा कंटेनरवर गेली.

"लेखी कुठे आहे का हे? काहीही, कुठेही?"

देवदत्तने सगळं ऐकलं आणि तो पांढराफटक पडला. मग त्याने खालचा खण उघडला आणि एक जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. भट्टीपासूनचा सगळा इतिहास तारीखवार लावलेला. डच भाषेत, विमच्या अक्षरात. तिने नोव्हेंबरचं पान काढलं. देवदत्तने ते कधी वाचलंच नव्हतं, त्या दिवशी तो स्वतःच तिथे होता ना! तिला डच आता बऱ्यापैकी वाचता यायचं. लिहिलं होतं, 'बिअर नाही. केरसुणी लावली.'

"ही फाइल कधीपासून आहे?"

"…पहिल्या दिवसापासून."

"एप्रिलपासून? म्हणजे तू… तुम्ही… अरे, तू मला पाच महिने थेंब थेंब इतिहास पाजत होतास? आणि सगळा इथे खणात?"

"ही दिली असती तर तू दर मंगळवारी आली असतीस?"

तिने फाइल मिटली. मग तिचे डोळे भरून आले.

"मी हे पान एप्रिलात वाचलं असतं, देवदत्त. माझा करार या महिन्यात संपतोय. परवाना जातोय माझा. तुझ्या मंगळवारांपायी मी पुण्याला निघालेय!"

त्याला हे माहीत नव्हतं. तो मालकांकडे जायला उठला, सगळी चूक आपली म्हणायला. "बस खाली," ती म्हणाली. "पान माझं आहे. मीच जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हेंद्रिक्स यांच्यासमोर बसली. या देशात आडपडदा ठेवून बोललं तर कोणाला कळत नाही, हे ती वर्षभरात शिकली होती.

"चित्र मी दोन मिनिटांत काढीन," ती म्हणाली. "पण झाकली मूठ आता उघडली. पालिकेने पाहिलं, विमच्या माणसांनी पाहिलं. चित्र पुसलं तर लोक त्यावरही हसतील. तुम्ही या शुक्रवारी बिअर द्या. मी केरसुणीनंतर आणखी एक पान घालते, झेंड्याचं. मग हसणारे तुमच्याबरोबर हसतील."

हेंद्रिक्स पुढे वाकले. फोटो समोरच पडला होता.

"हा लाल डाग कसला?"

"कुंकू आहे. आमच्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी. दिवाळीत तिची पूजा करतात. देवदत्तला वाटलं, तुमचं भलं व्हावं म्हणून लावलीय. त्याने नारळसुद्धा फोडला."

"म्हणजे चाळीस माणसं मला शिव्या देत होती," म्हातारा सावकाश म्हणाला, "आणि एकटा मुलगा आशीर्वाद?"

"हो."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग खांदे हलले. मग ते इतके हसले की बाहेरून सेक्रेटरी डोकावली.

शुक्रवारी दुपारी हॉटेलच्या धक्क्यावर बिअरची पिंपं आली. दहा महिने उशिरा, पण आली! विम वर चढला, केरसुणी उतरली, झेंडा फडकला, आणि हेंद्रिक्स यांनी पहिल्यांदाच मान वर करून आपलं हॉटेल पाहिलं. प्रांजलीने फोटो काढला. साहेबांनी तिथेच तिच्या कानात सांगितलं, करार दोन वर्षांनी वाढला. तिला एकदम हलकं वाटलं, आणि सगळ्यात आधी देवदत्तला सांगावं असं वाटलं. त्याच्यावर रागावलेली असूनही!

तो सोमवारपासून तिच्या समोर आला नव्हता. परतीच्या बोटीत मात्र तो होता, डेकवर, फाइल छातीशी धरून. आणि प्रांजलीच्या हातात होती ती केरसुणी. विमने निघताना तिच्या हातात कोंबली होती. "तुम्हा दोघांना," असं म्हणाला होता.

"ही घे," देवदत्तने फाइल पुढे केली. "आता माझ्याकडे इतिहास शिल्लक नाही. विचारशील तर… तू मला आवडतेस, प्रांजली. सात सायकलींपासून. हे सांगायचं सोडून मी पाकोळ्यांच्या गोष्टी सांगत बसलो. माझं चुकलं."

वाऱ्याने तिची बट गालावर आली. तिने ती मागे सारली नाही.

"पाकोळ्यांची गोष्ट तू दोन मंगळवार पुरवलीस," ती म्हणाली.

"तीन."

"करार वाढलाय माझा. दोन वर्षं."

त्याने श्वास सोडला. इतका मोठा, की शेजारची आजी बघायला लागली. प्रांजली हसली आणि केरसुणी त्याच्या हातात दिली. दांड्यावर कुंकवाचा फिकट डाग अजून होता.

"नीट धर. नव्या घरात आधी हिला नेतात. आणि दीड महिन्यावर दिवाळी आलीय, लक्ष्मीपूजनाला लागेल."

"पण आपल्याकडे घर कुठे…" तो म्हणाला आणि काय बोलून गेलो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

"मग शोध ना," प्रांजली म्हणाली. "नदी दिसणारं बघ. तळमजल्यावरचं मात्र नको हं. पाणी येतं."