पिकअपची डावी काच

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेले नाही. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही, एवढं आधीच सांगते.

आणि हो, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, मध्यरात्रही नाही. जे झालं ते कसबा पेठेत, आमच्या गोदामात, रविवारी भर दुपारी झालं. पुण्यात एक ते चार भूतंसुद्धा वामकुक्षी घेत असतील, असं मी थट्टेनं म्हणायचे.

आता म्हणत नाही.

मी अपूर्वा. लग्नकार्यांना भांडी भाड्याने द्यायचा आमचा धंदा. पातेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि मी, दोघंच. बिलं आणि फोन माझ्याकडे. मालाची ने-आण आप्पांकडे, आमच्या जुन्या पिकअपमधून.

आप्पा चालवायचे. शेजारी, डावीकडे, सीतारामकाका.

काका आमच्याकडे कामाला होते, असं म्हटलं तर आप्पांना राग यायचा. "तो कामाला नाही, तो माझ्याबरोबर आहे," म्हणायचे. दोघं एकमेकांशी दिवसभरात चार वाक्यं बोलत असतील. त्यातली दोन चहाबद्दल.

आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिथून भांड्यांनी भरलेली गाडी काढायची, तर डावीकडे माणूस हवाच. काकांची पद्धत ठरलेली होती. काच खाली, कोपर बाहेर, तळहात दाराच्या पत्र्यावर.

एक थाप... चालू दे.

लागोपाठ दोन थापा... थांब.

आप्पा डावीकडे बघायचेच नाहीत, नुसतं ऐकायचे. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. दाराच्या त्या जागेचा रंग उडून पत्रा तळहाताएवढा चकचकीत झाला होता. भर पावसातसुद्धा काका काच वर करू द्यायचे नाहीत. बाही निथळत असायची, पण हात बाहेरच.

गेल्या भाद्रपदात काका गेले. घरी, झोपेत. आप्पा रडले नाहीत. अंत्यविधीहून आले, गोदामात गेले आणि बटण दाबून गाडीची डावी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी...

काच खाली होती.

मी वर केली. संध्याकाळी पुन्हा खाली. असं आठवडाभर चाललं. मला भीती वगैरे वाटली नाही, वैताग आला. नवरात्रातल्या ऑर्डरी तोंडावर आल्या होत्या आणि उघड्या काचेतून मांजरं आत शिरून सीटवर झोपत होती.

स्वारगेटजवळ हिंमतरावांचं गॅरेज आहे. आमची गाडी त्यांना पाठ आहे. त्यांनी दाराचं आतलं पॅड उघडलं, आत डोकावून पाहिलं.

"ताई, जुनी गाडी हाय. मोटरच्या गिअरचं दात झिजलं की काच आपल्या वजनानं खाली बसती. मोटर बदलून टाकू."

बदलली. नवी मोटर बसवली, काच वर-खाली करून दाखवली. लोण्यासारखी सरकत होती. हातासरशी मी दाराला रंगही मारून घेतला. तो चकचकीत पत्रा झाकला गेला. रंगवलेलं दार आप्पांनी पाहिलं आणि ते घरात निघून गेले.

दोन दिवसांनी सकाळी गोदाम उघडलं...

काच खाली होती.

आणि दाराचा नवा रंग... एका जागी उडाला होता. तळहाताएवढा.

मी गाडी परत नेली. हिंमतरावांनी सगळं पुन्हा खोललं. वायर तपासली, बटण तपासलं, मोटर बाहेर काढून बॅटरीवर फिरवून पाहिली.

"मोटर ओके हाय. वायरिंग ओके हाय. काही बिघाडच न्हाई, तर करू काय?"

शेवटी त्यांनी मोटरची वायरच काढली, काच हातानं वर ओढली आणि दाराच्या आत, काचेच्या खाली, लाकडाची पाचर ठोकली.

"आता ही काच खाली आली तर गॅरेज बंद करतो मी."

गॅरेज अजून चालू आहे. माझा फोन मात्र ते उचलत नाहीत.

त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयाची ऑर्डर होती. काका गेल्यावर हाताखाली ठेवलेला माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून आप्पांच्या शेजारी मी बसले. काकांच्या जागेवर. पाचरीमुळे डावी काच घट्ट बंद होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि हातात बिलाची पावती.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. आप्पांनी गाडी डावीकडे वळवायला घेतली.

आणि...

थाप थाप.

बाहेरून. पत्र्यावर. माझ्या मांडीला त्याचा हादरा जाणवला.

आप्पांनी करकचून ब्रेक दाबला. मागे पातेली एकमेकांवर आदळली. मी काचेतून खाली पाहिलं.

फुलांच्या पुड्या विकणाऱ्या गोदाबाई तिथे बसल्या होत्या. रोज बसतात तिथेच. आमचं पुढचं चाक त्यांच्या टोपलीला टेकलं होतं. दाराजवळ दुसरं कुणीही नव्हतं. गोदाबाईंचे दोन्ही हात गजऱ्याच्या दोऱ्यात अडकलेले होते.

"आप्पा, तुम्हाला गोदाबाई दिसल्या नाहीत?"

आप्पा समोर बघत राहिले.

"सीतारामनं सांगितलं ना," ते म्हणाले. "थांबलो की."

थापेपेक्षा आप्पांच्या बोलण्यानंच मी जास्त घाबरले. मी माझा हात हळूच त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला नेला. डोळ्याजवळ. बोटं हलवली.

त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलाय. काकांना ठाऊक होतं. माझ्यापासून मात्र दोघांनी लपवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं आमची गाडी अर्धी आप्पांच्या डोळ्यानं चालत होती आणि अर्धी काकांच्या तळहातावर.

मी किल्ली काढून घेतली.

आप्पा संतापले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "एक ओरखडा दाखव गाडीवर! एक!" मीही ओरडले. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. अर्धी पोळी खायची आणि ताट सारायचं. डॉक्टरांनी तपासलं, शरीरात दोष नाही म्हणाले. माणूस कुठेतरी निघायच्या तयारीत असल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. मला काळजी लागली होती ती फक्त एका गोष्टीची. आई गेली, काका गेले, आता आप्पाही हातचे जाऊ नयेत.

त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी गाडीची बॅटरीच काढून घरी आणली आणि जिन्याखाली ठेवली. मोटरची वायर काढलेली, काचेखाली पाचर, गाडीत बॅटरी नाही. आता ते नुसतं लोखंड होतं.

मग तो रविवार आला.

जेवण करून आप्पा आडवे झाले. माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा घरात फार शांतता होती. पंखा चालू होता... पण आप्पांचं घोरणं नव्हतं.

खाट रिकामी. दाराजवळच्या चपला नाहीत.

मी तशीच अनवाणी गोदामाकडे धावले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गोदामाचं शटर अर्धं वर होतं.

आत अंधुक उजेड. पातेल्यांच्या चळती. मध्ये पिकअप.

उजव्या सीटवर आप्पा. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अंगात त्यांचा ठेवणीतला पांढरा सदरा होता, जो ते फक्त कार्याला जाताना घालायचे.

आणि डावी काच...

पूर्ण खाली होती.

लाकडाची पाचर काकांच्या सीटवर पडली होती. नीट, आडवी ठेवल्यासारखी.

"आप्पा," मी हाक मारली.

तेवढ्यात...

थाप.

एकच. सावकाश. पत्रा घुमला.

चालू दे.

आप्पा हसले. काका गेल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी मान किंचित हलवली, गिअरवर हात ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले,

"हो रे, निघतोच आहे."

इंजिन बंद होतं. बॅटरी आमच्या जिन्याखाली होती. तरी मला एका क्षणात कळलं की ही थाप गाडीसाठी नव्हतीच. आप्पांच्या पापण्या जड होत होत्या. मान हळूहळू पुढे झुकत होती.

मी काय केलं ते मला आजही सांगता येत नाही, म्हणजे का केलं ते. आप्पांना ओढायला हवं होतं, शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती. मी डाव्या दाराकडे धावले आणि त्या चकचकीत जागेवर जिवाच्या आकांतानं हात मारला.

थाप थाप.

थांब.

आप्पा दचकले. त्यांचा पाय ब्रेकवर गेला. सवयच ती. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, खरं तर माझ्या थोडं बाजूला पाहिलं.

"अपू? काय झालं? कोण आलं मध्ये?"

"मी आले," मी म्हणाले. "मी आहे मध्ये."

मी रडत होते. हात अजून पत्र्यावरच होता. पत्रा गार असायला हवा होता, तो कोमट लागत होता.

आणि मग... माझ्या तळहाताखाली... पत्र्याच्या आतल्या बाजूनं...

थाप.

एकच.

या गोष्टीला आता काही महिने झाले. आप्पा आहेत. थोडं जेवतात. त्या दुपारबद्दल विचारलं तर म्हणतात, "डोळा लागला होता गं." तो सदरा त्यांनी धुवायला टाकलेला नाही, खुंटीवर लावून ठेवलाय.

गाडी विकून टाक, असं सगळे सांगतात. एजंटसुद्धा दोनदा येऊन गेला. पण मला वाटतं, गाडी विकली तर ती थाप थांबणार नाही. ती कुठून येतेय, एवढंच मला कळायचं बंद होईल. इथे निदान मला ऐकू तरी येते.

म्हणून रोज दुपारी आप्पा झोपले की मी गोदामात येऊन डाव्या दाराशी स्टुलावर बसते. हे सगळं तिथेच बसून लिहिलंय. काच आज खालीच आहे, वर करायचं मी सोडून दिलंय. एक थाप आली की मी दोन मारते. आजपर्यंत माझ्या दोन थापांनंतर पुन्हा एक थाप यायची, 'बरं, थांबतो' म्हटल्यासारखी, आणि सगळं शांत व्हायचं.

आज एक थाप आली. मी दोन मारल्या.

अजून उत्तर आलेलं नाही.

मी आता उठून घरी चाललेय, आप्पांना बघायला.