आख्यान लागलं की अंधार

"आजी, कानाला लावू नका. आम्हाला नुसता कान दिसतोय."

"मग ऐकू कसं येणार रे, मंदार?"

"येतं. समोर धरा. हं, आता हनुवटी दिसतेय. अजून थोडा वर."

इंद्रपुरीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मंदार सतरंजीवर पालथा पडून मंडळाच्या मोबाइलमध्ये बघत होता. तिकडे आनंद नगरला कमलिनीआजींच्या पलंगाशी छोटा आशय उभा होता. तो आजींची उजळणी घेत होता. "हिरवं बटण आलं की दाबायचं. फोन डब्याला टेकवायचा. खिडकीकडे पाठ करायची नाही, नाहीतर चेहरा काळा दिसतो."

"अबोलीला कीर्तन शिकवताना मी एवढं रागावले नव्हते," आजी म्हणाल्या. मग एकदम दचकून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. "अरे, बुवांना मीही दिसत असेन ना?"

नवऱ्याच्या नोकरीपायी नागपूरहून भोपाळला आल्यापासून आजींनी सुट्टीतला कीर्तन सप्ताह कधी चुकवला नव्हता. पहिल्या रांगेत, पेटीच्या बाजूची जागा त्यांचीच. यंदा न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हणून मुलांनी त्या जागेवर पाट मांडला, पाटावर स्टँड, स्टँडवर मोबाइल. पडदा बुवांकडे. आजी तिथूनच कीर्तन बघणार.

पण रोज तेच होत होतं. नमन, अभंग, निरूपण सगळं आजींना छान दिसायचं. नामाचा गजर व्हायचा, नरहरबुवा उपरणं सावरून आख्यानाला उभे राहायचे, आणि आजींकडे काळोख.

"नेटवर्क," मंडळाचे सचिव गिरीशकाका म्हणाले. कीर्तन संपलं की ते मोबाइल उचलून कुर्त्याच्या खिशात टाकत आणि चपला शोधायला लागत. समाप्तीच्या आदल्या दुपारी मात्र त्यांनी बजावलं, "हे बघा पोरांनो, उद्या समाप्ती. बाहेरगावचे पाहुणे येणार. पहिल्या रांगेत ते बसतील. फोनचं लचांड आज शेवटचं."

अबोलीचा चेहरा पडला. ती आशयची मोठी बहीण, सातवीतली. समाप्तीच्या दिवशी बुवा निरूपणापर्यंतचा पूर्वरंग करणार होते आणि आख्यान अबोलीने लावायचं होतं. तिचं पहिलंच. शब्द, चाल, हातवारे, सगळं आजींनी पलंगावर पडल्या पडल्या तिच्याकडून बसवून घेतलं होतं.

ती हॉलच्या मागे फेऱ्या घालू लागली. "आजी बघणार नसतील तर मी उभीच राहणार नाही."

"बस ना यार, चक्कर येतेय मला," मंदार म्हणाला.

"तुला काय होतंय बोलायला? सकाळी आजी काय म्हणाल्या माहितीये? 'राहू दे गं. माझ्या डोळ्यांचंच काहीतरी असेल. देवालाच दाखवायचं नसेल.' मला रडूच आलं."

मंदार उठून बसला. "अंधार झाला की आवाजही जातो का?"

"नाही. आवाज स्वच्छ येतो म्हणे."

"मग नेटवर्क कसं? नेटवर्क गेलं की आवाजही अडखळतो. कुणीतरी मुद्दाम करतंय."

"गिरीशकाका?"

"आज त्यांच्यावर नजर ठेवतो. पण तिकडे कोण बघतं? आशय असतो ना रोज?"

अबोलीने मंदारच्या मोबाइलवरून आशयकडच्या घरच्या मोबाइलवर फोन लावला. "कॉल जोडून दिल्यावर तू कुठे जातोस रे?"

"इकडे येतो सायकलवर. प्रसाद संपतो ना."

"को खां, जासूस!" खास भोपाळी हाक देत मंदारने फोन हिसकावला. "आज तिथून हलायचं नाही. आजींच्या पडद्यावरून डोळे काढायचे नाहीत. तुझ्याकडचा हा फोनही चालू ठेव. काही दिसलं की लगेच सांग."

"आणि माझा प्रसाद?"

"माझा पण तुला."

संध्याकाळी कीर्तन सुरू झालं. मंदार खांबाला टेकून बसला. एक कान फोनला, दोन्ही डोळे गिरीशकाकांवर. गिरीशकाका निरूपणात पेंगले, मग केटरिंगवाल्याचा फोन आला म्हणून बाहेर गेले. मोबाइलच्या आसपासही फिरकले नाहीत.

बुवांनी झांजा उंचावल्या. "विठ्ठल विठ्ठल" चा गजर हॉलभर घुमला. टाळ्यांनी सतरंज्या हलतायत असं वाटलं. मंदारही क्षणभर सगळं विसरून टाळ्या वाजवू लागला, आणि तेवढ्यात कानात आशय किंचाळला.

"अंगठा! मंदारदादा, अंगठा आला! पपईएवढा! आता सगळं काळं!"

मंदारने मान वर केली. पहिल्या रांगेसमोरून दत्तूकाका वाकून पुढे सरकत होते. डाव्या हातात चांदीची डबी, उजव्या अंगठ्याला काळा बुक्का. गजरानंतर आख्यानाआधी ते बुवांना बुक्का लावत आणि मग एकेका श्रोत्याच्या कपाळाला. आता ते आजींच्या पाटापुढून पुढच्या माणसाकडे गेले होते.

मंदार वाकत वाकत पुढे गेला. पडद्यावर आजींचा चेहरा होता. त्यांच्या कपाळाच्या जरा वर, जिथे कॅमेऱ्याचं बारीक भोक असतं, तिथे बुक्क्याचा भरघोस टिळा.

त्याने शर्टाच्या टोकाने तो पुसला.

"दिसलं!" फोनमधून आशय ओरडला. "बुवा दिसले!"

आरतीनंतर दत्तूकाका पाटाशी मटकन बसले. "अरे देवा. मला वाटलं, बाई समोर दिसतायत, हात जोडून वाकल्यात, त्यांनाच कसं वगळू?"

"आणि आजी, तुम्हाला अंगठा कधी दिसला नाही?" अबोलीने मोबाइलमध्ये तोंड घालून विचारलं.

"बुक्का लावताना डोळे उघडे कोण ठेवतं गं?" आजी म्हणाल्या. "मी डोळे मिटते. उघडते तो अंधार."

गिरीशकाकांनी कालच्याच कुर्त्याच्या खिशात हात घातला आणि बोटं बाहेर काढून पाहिली. काळी. "माझी बायको विनिता रोज विचारते, खिशाला हे काय लागतं म्हणून. मी तिलाच साबण बदल म्हणालो." ते ओशाळून हसले. "मी एकदा तरी नीट बघायला हवं होतं. पोरांनो, पाहुणे दुसऱ्या रांगेत बसतील. आजींची जागा आजींचीच."

समाप्तीला हॉल गच्च भरला. पदर खोचून अबोली पेटीवाल्यांच्या मागे उभी होती आणि एकसारखी पाटाकडे बघत होती. गजर संपला. दत्तूकाका बुक्का लावत लावत आजींच्या पाटापाशी आले. आजींनी पडद्यावर डोळे मिटून मान लववली.

दत्तूकाकांनी अंगठा हवेतच थांबवला. "आशयराव, लावा."

पडद्यात एका बाजूने एक छोटा हात आला. आशयने पुडीतला बुक्का आजींच्या कपाळाला लावला. दत्तूकाकांनी त्याच सकाळी ती पुडी त्याच्या हातात दिली होती. आजींनी डोळे उघडले. समोर उजेड होता, आणि उजेडात अबोली.

अबोलीने नमस्कार केला आणि सुदाम्याचं आख्यान लावलं. सुरुवातीला आवाज कापला. मग पोह्यांची पुरचुंडी लपवणारा सुदामा आला, ती ओढून घेणारा कृष्ण आला, आणि दुसऱ्या रांगेतले पाहुणेसुद्धा डोळे टिपू लागले. नरहरबुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला. मग मंदारला पुढे ओढून म्हणाले, "ही पोरं नसती तर आमच्या पहिल्या श्रोत्या अंधारातच राहिल्या असत्या."

अबोली धावत पाटाशी गेली. "आजी, दिसलं सगळं?"

"दिसलं. कृष्ण मिठी मारतो तेव्हा डावा हात खाली राहतो तुझा," आजी म्हणाल्या. "उद्या सकाळी ये. नीट करून घेऊ."