नजर न हटवणारी नर्स

घरातली पोरंटोरं मावशीला भूतमावशी म्हणायची, आणि तिला त्याचा अभिमानच होता. आठव्या वर्षापासून तिचा पिंड भुतांच्या पुस्तकांवर आणि सिनेमांवर पोसलेला. थिएटरात शेजारी बसलेली अक्का डोळे घट्ट मिटून घ्यायची, आणि पडद्यावर काय चाललंय ते मावशी तिच्या कानात सांगायची. साठ वर्षं दोघी बहिणी एकाच घरात. आता अक्काला झटका आलेला, अंग लुळं, वाचा गेलेली. मावशीला तिच्याशिवाय होतंच कोण?

दवाखान्यातून अक्काला घरी आणलं, तेव्हा तिथलीच एक नर्स रात्रंदिवसासाठी ठेवून घेतली. कामाला चोख, बोलायला गोड. पण आठवडाभरातच मावशीच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई झोपते कधी, तेच कळेना. जेवणाचं ताट समोर तसंच गार व्हायचं. खुर्ची पलंगाला लावून अक्काच्या चेहऱ्याकडे टक लावून बसायची, पापणीसुद्धा हलत नसे. खोलीबाहेर पडायची तीही उलट्या पावलांनी. आणि अक्का तर दिवसेंदिवस सुकत चाललेली. उलटी पावलं म्हटल्यावर आणखी काय पुरावा हवा? आयुष्यभर वाचलं ते काय उगाच?

शनिवारी दुपारी मावशीने तिला स्वयंपाकघरातून हाक मारली. नर्स खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली, पाठ मावशीकडे.

"बाई, तुम्ही आवरा आणि निघा. आजच."

"मला काढा, मावशी... पण दुसरं कुणीतरी बसवा. नजर हटली की त्यांचा चेहरा बदलतो हो."

"असली वाक्यं मी शेकड्यांनी वाचलीत. मला शेंड्या लावू नका."

नर्सने पिशवी उचलली आणि गेली, यावेळी सरळ पावलांनी. मावशीला हायसं वाटलं. अक्काच्या खोलीत जाऊन तिने पडदा सारला, खिडकीची कडी काढू लागली. मागे पलंग करकरला.

"गेली का ती?"

महिन्याभराने अक्काचा आवाज. मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. कडी हातातच राहिली.

"गेली गं, अक्का. मीच घालवली तिला."

"बरं केलंस."

पलंग पुन्हा करकरला. मग तोच ओळखीचा, मायेचा आवाज, अगदी कानाशी.

"आता तुझ्या अक्काला हाक मार बघू... ओ देते का."